दाढ दुखली तर विमा पैसे देतो का? पॉलिसी, सरकारी योजना आणि आपला खिसा : नीट समजून घ्या

धाराशिव : गेल्या काही महिन्यांत गावोगावी एक चर्चा ऐकायला मिळतेय. "आरोग्य विम्यावरचा जीएसटी गेला, आता पॉलिसी स्वस्त झाली, काढून टाका." यातली पहिली गोष्ट खरी आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आणि कुटुंबाच्या आरोग्य विम्यावरचा 18 टक्के जीएसटी शून्य झालाय. पण त्याच्या जोडीला एजंट लोक आणखी एक वाक्य हळूच टाकून देतात, "यात दात पण कव्हर आहेत बरं का."

हे वाक्य ऐकून बऱ्याच जणांच्या डोळ्यासमोर घरातली एखादी दुखरी दाढ येते. म्हातारीची कवळी येते. लेकराचे किडलेले दुधाचे दात येतात. आणि माणूस सही करतो. पुढं दाढेचं रूट कॅनॉल करून बिल पाठवलं की कंपनीचं उत्तर येतं, "हा खर्च पॉलिसीत बसत नाही." मग भांडण सुरू होतं. एजंट फोन उचलत नाही.

म्हणून हा विषय एकदा मुळापासून समजून घेऊ. दातांवरचा कोणता खर्च कोण देतं, कोण देत नाही, कुठं फुकट होतं आणि पैसे नसतील तर कमी नुकसानीत मार्ग कसा काढायचा.

आधी थोडक्यात उत्तर

साधी कीड, फिलिंग, रूट कॅनॉल, कॅप, दात साफ करणं, कवळी, वाकडे दात सरळ करणं, इम्प्लांट म्हणजे स्क्रूचा दात, यातलं काहीही साधारण आरोग्य विम्यात येत नाही. सरकारी पाच लाखांच्या योजनेतही हे रोजचे उपचार येत नाहीत.

येतं ते वेगळं. अपघातात जबडा मोडला, जबड्यात गाठ झाली, तोंडाचा कॅन्सर निघाला, दाताचं इन्फेक्शन मानेत उतरून दवाखान्यात भरती व्हावं लागलं, तर विमा आणि योजना दोन्ही कामाला येतात.

म्हणजे दुखणं शंभरातलं असताना खिसा आपला, आणि लाखात गेल्यावर विमा. ही रचना अशी का आहे, ते आधी बघू.

विमा कंपनी दाताला का घाबरते?

विम्याचं गणित सोपं आहे. हजार लोकांनी पैसे भरायचे, त्यातल्या दहा-वीस जणांवर संकट येणार, त्या पैशातून त्यांना मदत. पिकावर गारपीट होईल का, कुणाला माहीत नसतं, म्हणून पीक विमा चालतो.

दाताचं तसं नसतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 च्या अहवालानुसार जगात साडेतीनशे कोटी लोकांना तोंडाचा किंवा दाताचा काही ना काही आजार आहे. म्हणजे जवळपास दर दोन माणसांत एक. जे जवळजवळ सगळ्यांना होणारच आहे, त्याचा विमा काढायचा तर हप्ताही उपचाराइतकाच ठेवावा लागेल. शिवाय ज्याची दाढ आज दुखतेय तोच आज पॉलिसी घ्यायला येईल. म्हणून कंपन्या हा खर्च बाहेर ठेवतात.

अमेरिकेत दातांचा वेगळा विमा असतो, हे तिकडं लेकरं गेलेल्या घरांना माहीत असेल. पण तिथंही बहुतेक प्लॅनमध्ये वर्षाला हजार-दीड हजार डॉलरची मर्यादा असते. तिथल्या दरात एखाद्या दाताचं रूट कॅनॉल आणि कॅप झाली की ती संपत आलेली असते. म्हणून "आपल्याकडंच दातांचा विमा नाही" असं वाटून घेण्यात अर्थ नाही. दाताचा खर्च विम्यात बसवणं सगळीकडंच अवघड गेलंय.

पॉलिसीत "डेंटल" लिहिलंय, मग त्याचा अर्थ काय?

एक ठोस उदाहरण घेऊ. विमा नियामक आयआरडीएआयने 1 एप्रिल 2020 पासून "आरोग्य संजीवनी" नावाची एकसारखी पॉलिसी सगळ्या कंपन्यांना विकायला लावली. कंपनी कुठलीही असो, अटी त्याच. या पॉलिसीत "आजार किंवा इजेमुळं आवश्यक ठरलेले दंतोपचार" असं लिहिलेलं आहे. एजंट हेच वाक्य दाखवतो.

पण हे वाक्य दवाखान्यात भरती झाल्यावर होणाऱ्या खर्चाच्या यादीत आहे. भरती म्हणजे साधारण किमान 24 तास ॲडमिट. दातांच्या डॉक्टरकडं खुर्चीत बसून तासाभरात रूट कॅनॉल केलं तर ती भरती होत नाही. ती ओपीडी. बिल नामंजूर होतं ते इथंच. शिवाय या पॉलिसीत मंजूर रकमेतले 5 टक्के आपल्याला भरावे लागतात.

काही महागड्या पॉलिसीत ओपीडीचा वेगळा भाग जोडून मिळतो आणि त्यात दात येतात. तो घ्यायचा असेल तर आधी कागदावर हिशेब मांडा. समजा, त्या भागासाठी वर्षाला 4,000 रुपये जास्त हप्ता आहे आणि दातांसाठी वर्षाला कमाल 5,000 रुपये मिळणार आहेत. मग एक हजारासाठी तुम्ही कागदपत्रं, बिलं आणि प्रतीक्षा काळ यांच्या मागं लागणार का? हे आकडे फक्त समजण्यासाठी घेतलेत. तुमच्या पॉलिसीतले आकडे टाकून हेच गणित करा.

सही करण्याआधी एजंटला हे पाच प्रश्न विचारा आणि उत्तर व्हॉट्सॲपवर लेखी मागा :

1. ॲडमिट न होता दाढ भरली किंवा रूट कॅनॉल केलं तर पैसे मिळतील का? हो की नाही?
2. दातांसाठी वर्षाला जास्तीत जास्त किती रक्कम?
3. किती महिन्यांनंतर? म्हणजे प्रतीक्षा काळ किती?
4. आधीपासून किडलेली दाढ चालेल का?
5. धाराशिव, लातूर, सोलापूर, बार्शी यातल्या कोणत्या दवाखान्यात ही पॉलिसी चालते?

लेखी उत्तर द्यायला एजंट टाळाटाळ करत असेल तर तुम्हाला उत्तर मिळालं असं समजा.

आणि सही झाली असेल तरी घाबरू नका. नवी आरोग्य पॉलिसी हातात पडल्यापासून 30 दिवसांत वाचून, पटली नाही तर परत करता येते. थोडी कपात होऊन हप्ता परत मिळतो. दावा चुकीच्या कारणानं नाकारला असं वाटलं तर आधी कंपनीकडं लेखी तक्रार करा. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडं जाता येतं. तिथं फी नाही आणि वकील लागत नाही. आयआरडीएआयचा टोल फ्री नंबर 155255.

"डेंटल डिस्काउंट कार्ड" नावाचा आणखी एक प्रकार फिरतोय. पाचशे-हजार रुपये भरा आणि ठराविक दवाखान्यात सवलत मिळवा. हा विमा नाही. सवलत कशावर, मूळ दर कोण ठरवणार, आणि ते दवाखाने आपल्या तालुक्यात आहेत का, एवढं विचारलं तरी बऱ्याच गोष्टी उघड होतात.

पाच लाखांच्या सरकारी योजनेत दात बसतात का?

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आणि आयुष्मान भारत या दोन योजना आता राज्यात एकत्र राबवल्या जातात. फुले योजना 2 जुलै 2012 रोजी राजीव गांधी जीवनदायी या नावानं आठ जिल्ह्यांत सुरू झाली होती. तेव्हा कुटुंबाला वर्षाला दीड लाखाचं संरक्षण होतं. आता ते पाच लाख झालंय आणि पिवळं, केशरी, पांढरं असं कुठलंही रेशनकार्ड असलेलं कुटुंब त्यात बसतं. 70 वर्षांच्या वरच्या सगळ्यांना ऑक्टोबर 2024 पासून आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, त्यात उत्पन्नाची अट नाही.

पण ही योजना भरती होऊन करायच्या ठराविक उपचारांची आहे. यादीतला उपचार आणि यादीतला दवाखाना, दोन्ही जुळलं पाहिजे. दाढ भरणं, रूट कॅनॉल, कवळी हे तिच्यात शोधू नका. जबड्याचं फ्रॅक्चर, जबड्यातल्या गाठी, तोंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन, रेडिएशन, केमो अशा मोठ्या गोष्टींसाठी ती आहे.

आपल्या जिल्ह्यात याचा संबंध रोजचा आहे. सोलापूर-धुळे महामार्ग तुळजापूर, धाराशिव, येरमाळ्यावरून जातो. सोलापूर-हैदराबाद महामार्ग नळदुर्ग, उमरग्यावरून जातो. हेल्मेट नसलेला मोटारसायकलवाला पडला की जबडा आणि पुढचे दात पहिल्यांदा जातात. अशा वेळी दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, मे 2025 पासून केंद्राची रस्ता अपघातग्रस्तांसाठी कॅशलेस उपचार योजना लागू आहे. अपघातानंतर सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचा उपचार ठरलेल्या दवाखान्यात मोफत. दोन, त्यानंतरच्या जबड्याच्या उपचारासाठी फुले योजनेच्या आरोग्यमित्राला भेटा. यादीतल्या प्रत्येक दवाखान्यात आरोग्यमित्र बसलेला असतो. आधी पैसे भरून मग कार्ड दाखवण्यापेक्षा भरती होतानाच कार्ड दाखवा.

योजनेतल्या दवाखान्यानं यादीतल्या उपचाराला पैसे मागितले तर 155388 या नंबरवर तक्रार करा. आयुष्मानसाठी 14555.

सप्टेंबर 2025 च्या पुरात भूम-परंड्याकडं कित्येक घरांत पाणी शिरलं. ज्यांची रेशनकार्डं, आधार कार्डं त्यात भिजली-गेली, त्यांनी दुय्यम प्रती आणि आयुष्मान कार्ड आत्ताच काढून घ्या. दवाखान्याच्या दारात उभं राहून हे काम होत नाही.

फुकट काय मिळतं? याची माहितीच कमी आहे

इथं खरी कामाची गोष्ट आहे. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत झालेत. प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय, सगळीकडं. हा निर्णय झाला तेव्हा आरोग्यमंत्री आपल्याच परंडा मतदारसंघाचे तानाजी सावंत होते.

ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत दंत शल्यचिकित्सकाचं पद असतं. राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रमातून 2014-15 पासून दंत विभागासाठी खुर्ची, साहित्य आणि मनुष्यबळाला केंद्राची मदतही मिळते. दात काढणं, साधं फिलिंग, साफसफाई एवढं तिथं व्हायला पाहिजे. त्यामुळं खासगीत जाण्याआधी आपल्या तालुक्याच्या रुग्णालयात एक फेरी मारा. जायच्या आधी फोन करून तीन गोष्टी विचारा : दातांचे डॉक्टर कोणत्या वारी असतात, खुर्ची चालू आहे का, फिलिंगचं साहित्य आहे का. नाहीतर गाडीभाडं आणि एका दिवसाची मजुरी दोन्ही जातं.

एक बारकावा. धाराशिव शहरातलं शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय वैद्यकीय शिक्षण विभागाकडं आहे. 2023 चा निर्णय आरोग्य विभागाच्या दवाखान्यांपुरता होता. त्यामुळं तिथं काही गोष्टींना सरकारी दरानं शुल्क असू शकतं. खिडकीवर विचारून घ्या आणि पावती घ्या. सरकारी दर खासगीपेक्षा कितीतरी कमीच असतो.

लेकरांसाठी : राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी तुमच्या अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येते. 2013 मध्ये हा कार्यक्रम सुरू झाला तो आपल्याच राज्यातल्या पालघरमधून. शून्य ते 18 वर्षांच्या मुलांची तपासणी होते आणि तपासायच्या आजारांच्या यादीत दातांचे आजार आहेत. दुभंगलेले ओठ आणि टाळू हेही आहेत. पथक येईल त्या दिवशी लेकराला घरी ठेवू नका. दात किडल्याची नोंद झाली तर पुढच्या उपचाराची चिठ्ठी मागून घ्या. ती चिठ्ठी तुमचा हक्क आहे.

म्हाताऱ्या माणसांसाठी : कवळी ही चैनीची वस्तू नाही. दात गेले की भाकरी सुटते, भाकरी सुटली की अंगातली ताकद जाते. केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना 1 एप्रिल 2017 पासून आहे. 60 वर्षांवरच्या गरीब ज्येष्ठांना मोफत मिळणाऱ्या वस्तूंच्या यादीत काठी, चष्मा, श्रवणयंत्र, व्हीलचेअर यांच्या बरोबरीनं कृत्रिम दातही आहेत. हे फार कमी लोकांना माहीत आहे. शिबिरात लोक काठी आणि चष्मा मागतात, कवळी कुणी मागतच नाही. तालुक्यात तपासणी शिबिर लागलं की नावानिशी मागणी करा. राज्याची मुख्यमंत्री वयोश्री योजना वेगळी. तिच्यात 65 वर्षांवरच्यांना खात्यात एकदा 3,000 रुपये मिळतात. दोन्हींची गल्लत करू नका.

नोकरदारांसाठी : तुमच्या पगारातून ईएसआयची कपात होत असेल तर तुमच्या उपचारांत दात येतात. घरात माजी सैनिक असतील तर ईसीएचएसमध्येही दातांचे उपचार आहेत. पुण्या-मुंबईत कंपनीत असलेल्या पोराच्या ग्रुप पॉलिसीत आई-वडिलांचं नाव आहे का, तेही एकदा विचारा.

खासगीत जायचंच असेल तर

दाताच्या खर्चाची एक पायरी असते. कीड वरवर आहे तोवर फिलिंग, काम शेकड्यांत. कीड नसेपर्यंत गेली, रात्री ठणका सुरू झाला की रूट कॅनॉल आणि कॅप, काम हजारांत. दात काढावा लागला आणि त्या जागी स्क्रूचा दात बसवायचा म्हटलं की दहा हजारांच्या वर. म्हणजे प्रत्येक पायरी चुकवली की पुढची पायरी कित्येक पटींनी महाग.

आपल्याकडं या पायऱ्या कशा चुकतात ते सगळ्यांना माहीत आहे. आधी लवंग. मग मेडिकलवरून दहा रुपयांची गोळी. मग सोयाबीन निघाल्यावर बघू. मग ऊसतोडीला जायचं, आल्यावर बघू. सहा महिने फडात गोळ्यांवर काढायचे. परत आल्यावर दाढ वाचण्यासारखी राहत नाही. डॉक्टर म्हणतो काढा. काढून टाकली की शेजारचे दात सरकतात, समोरचा दात उतरतो, आणि पुढच्या चार वर्षांत आणखी दोन दात जातात.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांना एक कळकळीची सूचना. दिवाळीच्या आधी, गाव सोडण्यापूर्वी घरातल्या सगळ्यांचे दात एकदा सरकारी दवाखान्यात दाखवा. कर्नाटकात गेलात तरी आयुष्मान कार्ड मोठ्या उपचाराला देशभर चालतं, पण साधी दाढ तिथं कुणी फुकट भरणार नाही.

खासगी डॉक्टरकडं गेल्यावर :

- डॉक्टरांची पदवी आणि राज्य दंत परिषदेचा नोंदणी क्रमांक बघा. बाजारात खुर्ची टाकून कवळी बसवणाऱ्याकडं जाऊ नका. न उकळलेल्या अवजारांतून कावीळ आणि एचआयव्ही पसरू शकतो.
- उपचाराआधी एकूण खर्च लेखी मागा. रूट कॅनॉलमध्ये कॅप धरली आहे का, एक्स-रे वेगळा आहे का, किती फेऱ्या होतील, हे स्पष्ट विचारा.
- "आत्ता काय तातडीचं आहे आणि काय थांबू शकतं?" हा प्रश्न जरूर विचारा. चांगला डॉक्टर यावर चिडत नाही.
- दोन-तीन प्रकारच्या कॅप असतात. मागच्या दाढेला दिसायला सुंदर कॅपच पाहिजे असं नाही. धातूची कॅप स्वस्त आणि टिकाऊ असते.
- पक्की पावती घ्या. पुढं तक्रार करायची वेळ आली तर ग्राहक आयोगात तीच कामाला येते.

कामं मोठी असतील तर लातूर आणि सोलापुरातली दंत महाविद्यालयं बघा. ती खासगी असली तरी तिथं विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात, म्हणून दर कमी असतात. छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालय आहे. पण फेऱ्या जास्त होतात. एका फेरीचं दोन माणसांचं एसटी भाडं आणि बुडालेली मजुरी, गुणिले फेऱ्या, हा आकडा आधी काढा. एका फिलिंगसाठी लातूर गाठणं महागात पडेल. पूर्ण कवळी किंवा चार-पाच दातांचं काम असेल तर परवडेल.

पैसे नसतील तर कर्ज कुठून?

आता दवाखान्यातच "ईएमआय करून देऊ" म्हणतात. बिनव्याजी असेल तरी प्रोसेसिंग फी किती, हप्ता चुकला तर दंड किती, आणि रोख दिले तर डॉक्टर किती कमी करतात, हे तीन आकडे विचारा. रोखीची सवलत हातची जात असेल तर ते छुपं व्याजच झालं. मोबाईलवरच्या झटपट कर्जाच्या ॲपपासून तर लांबच राहा.

समजा 12,000 रुपये पाहिजेत आणि वर्षभरात फेडायचेत. बचत गटातून महिना 2 टक्क्यांनं घेतले आणि दर महिन्याला हजार मुद्दल फेडत गेलात, तर शिल्लक रकमेवरचं व्याज वर्षभरात 1,560 रुपये होतं. सावकाराकडून महिना 5 टक्क्यांनं घेतले आणि मुद्दल शेवटी एकदम दिलं, तर व्याजच 7,200 रुपये. दाढ तीच, डॉक्टर तोच. फरक साडेपाच हजारांहून जास्त.

त्याहून चांगला मार्ग म्हणजे कर्जाची वेळच येऊ न देणं. घरात महिन्याला शंभर रुपये दातांच्या नावानं बाजूला टाका. वर्षाला 1,200 होतात. ज्यानं दाढ शेकड्यांत असतानाच भरली, त्याला हा पैसा पुरतो. तुमचा दातांचा विमा हाच, आणि याचा दावा कुणी नाकारत नाही.

एक जागा मात्र अशी, जिथं उशीर म्हणजे जीव

आत्तापर्यंत पैशाचं बोललो. आता जिवाचं.

जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात 2016-17 मध्ये महाराष्ट्रातले 24.4 टक्के प्रौढ तंबाखू खाणारे, मिसरी लावणारे किंवा चघळणारे निघाले. म्हणजे चारात एक. राज्यात गुटखाबंदी 2012 पासून आहे, आणि पुडी कुठं मिळते हे गावातल्या लेकरालाही माहीत आहे. बायकांची मिसरी तर व्यसनात कुणी धरतच नाही. दात दुखतो म्हणून मिसरी लावायची आणि मिसरीनं हिरड्या जायच्या, हे चक्र घरोघरी आहे.

तोंडात 15 दिवसांत न भरणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, तोंड कमी उघडणं, म्हणजे तीन बोटं उभी न जाणं, कारण नसताना हलायला लागलेला दात. यातलं काहीही दिसलं तर दाढदुखी समजून गोळी घेऊ नका. 30 वर्षांवरच्या प्रत्येकाची तोंडाची तपासणी आयुष्मान आरोग्य मंदिरात मोफत करायची, असा सरकारचाच कार्यक्रम आहे. आशाताईंना विचारा.

लवकर तपासणीचं मोल या जिल्ह्याला कुणी शिकवायची गरज नाही. देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी 1987 मध्ये शेजारच्या बार्शीत सुरू झाली, ती बार्शीसह परंडा आणि भूम तालुक्यांसाठी. 1999 पासून आपल्याच जिल्ह्यातल्या 1,31,746 महिलांवर गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या तपासणीचा अभ्यास झाला. 2009 मध्ये त्याचे निष्कर्ष जगापुढं आले. एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीनं त्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले होते. आपल्या आया-मावश्यांनी जगाला हे दाखवून दिलं. मग आपणच तोंड उघडून दाखवायला का लाजायचं?

दुसरा धोका इन्फेक्शनचा. दाढ दुखता दुखता गाल आणि मान सुजली, ताप आला, गिळता येईना किंवा श्वास लागला, तर सकाळची वाट बघू नका. 108 ला फोन करा. शुगर असलेल्या माणसानं तर अजिबात थांबू नये. इथं भरती व्हावं लागतं आणि इथंच विमा, योजना कामाला येते. म्हणून पाच लाखांचं कार्ड काढूनच ठेवा. ते दाढेसाठी नसलं तरी अशा रात्रीसाठी आहे.

मग सरकारकडं मागायचं काय?

सगळं जोडून बघितलं तर एक गोष्ट स्पष्ट दिसते. तोंडाच्या कॅन्सरवर सरकार लाखो रुपये द्यायला तयार आहे. जबडा मोडला तर तयार आहे. पण सुरुवातीची कीड भरायची खुर्ची तालुक्याला नीट चालते का, याकडं कुणाचं लक्ष नाही. आमदार-खासदार कॅन्सर शिबिराला येतात, फोटो निघतात. दंत विभागाच्या बंद खुर्चीसमोर फोटो कोण काढणार?

म्हणून पुढाऱ्यांकडं दातांचा विमा मागण्यापेक्षा चालू खुर्ची मागा. कागदावर मोफत असलेली सेवा खरंच मिळाली तर विम्याची गरजच अर्धी कमी होते. त्यासाठी मोर्चा लागत नाही. दहा रुपयांच्या माहिती अधिकार अर्जात चार प्रश्न विचारा : आमच्या ग्रामीण रुग्णालयात दंत शल्यचिकित्सकाचं पद मंजूर आहे का, भरलेलं आहे का, खुर्ची आणि एक्स-रे चालू आहे का, आणि गेल्या वर्षी किती दात काढले आणि किती भरले. दारिद्र्यरेषेखालच्यांना अर्जाची फीही नाही. 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

यातला शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. काढलेले दात जास्त आणि भरलेले कमी असतील, तर समजा की लोक उशिरा येतायत किंवा साहित्य नाही. दोन्हीचा इलाज गावातच आहे. ते उत्तर ग्रामसभेत वाचून दाखवा, रुग्ण कल्याण समितीपुढं ठेवा.

आणि तोवर? आज रात्री झोपताना लेकरांना ब्रश करायला लावा. सकाळी आजीला विचारा, कुठं दुखतंय का. ती "काही नाही" म्हणेल. कारण तिला खर्चाची भीती आहे. तिला सांगा, दाखवायला पैसे लागत नाहीत.